चौघांचा वृंद

गुरुजींनी गाणं पहिल्यांदा डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्यांदा बोटांच्या पेरांवर मोजलं. तिसऱ्यांदा अर्ध्यातच मला हाताने थांबवलं. "ड्रम वाजवणारा चारात आहे. वरची जी ओळ चढत जातेय ती तीनात आहे. आता बघा," असं म्हणून त्यांनी मांडीवर चार-चारचा ठेका धरला आणि तोंडाने तीन-तीनचा तुकडा म्हणायला लागले. दोन्ही एकमेकांपासून सुटले, दूर गेले आणि बारा मात्रा पुऱ्या होताच एका जागी येऊन पडले. "आले समेवर. पुन्हा सुटणार, पुन्हा बाराला भेटणार. अहो, हे तर एकतालाचं आवर्तन झालं!"

आमच्या शहराच्या खडकेश्वर भागातल्या त्यांच्या खोलीत भिंतीला लागून तबल्याच्या पाच जोड्या. चाळीस वर्षं ते शहरातल्या पोरांना तबला शिकवतात. रॉक संगीत त्यांनी आयुष्यात कधी मुद्दाम ऐकलेलं नाही. गाणं होतं 'कश्मीर', १९७५ सालच्या 'फिजिकल ग्राफिटी' या अल्बममधलं, आणि बँड होता लेड झेपलिन. ही मंडळी इंग्लंडची, असं मी सांगितलं. गुरुजींचा पुढचा प्रश्न होता, "ठेका देणाऱ्याचं नाव काय?"

गेल्या तीस वर्षांत मी ज्यांना ज्यांना हे गाणं ऐकवलं, त्यांतल्या बहुतेकांनी आधी गिटारवाल्याचं नाव विचारलं होतं. गुरुजींच्या प्रश्नामुळे मला या लेखाचा रस्ता सापडला.

लेड झेपलिन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लांब केसांचा जिमी पेज आणि त्याची दोन दांड्यांची गिटार येते, किंवा उघड्या छातीचा, उंच पट्टीत गाणारा रॉबर्ट प्लांट. मलाही कॉलेजात असताना तेच दिसायचं. पुण्याहून चुलतभावाने आणलेली कॅसेट घरात लावली की आई आतून ओरडायची, "तो कोलाहल बंद कर!" आईचा हा शब्द मला फार वर्षांनी एका ग्रंथात सापडला आणि मी चमकलो. तो ग्रंथ लिहिला गेला आमच्या घरापासून पंधरा किलोमीटरवर.

देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादवांच्या दरबारात, राजा सिंघणाच्या काळात, शार्ङ्गदेव नावाचा श्रीकरणाधिप होता. म्हणजे राज्याचा हिशेब सांभाळणारा मोठा अधिकारी. घराणं मूळ काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले. या हिशेबनीसाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा आजही या ग्रंथाला मान देतात. शहरातून दौलताबादला सहलीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे. किल्ल्यावर आपण मेंढा तोफ बघतो, अंधारी बघतो, खाली उतरून भुट्टा खातो. शार्ङ्गदेवाच्या नावाचा महोत्सव शहरातली महागामी ही संस्था भरवते, तेवढी त्याची आठवण जागी आहे.

तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायात शार्ङ्गदेव 'वृंद' सांगतो. गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्यांचा समुदाय म्हणजे वृंद. त्याच्या उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले, असे बत्तीस जण असतात. त्याहून मोठा जमाव झाला की त्याला तो 'कोलाहल' म्हणतो. शब्द संख्येसाठी वापरलेला आहे, पण मला आई आठवलीच. लगेच पुढे तो वृंदाचे सहा गुण मोजतो: मुख्याच्या मागे जाणं, एकमेकांत मिसळणं, ताल-लय धरून राहणं, तिन्ही सप्तकांत पोचण्याची ताकद असणं, नाद एकसारखा असणं. आणि सहावा, ज्याच्यावर माझा जीव जडला: मिथस्त्रुटितनिर्वाह. एकाचं कुठं तुटलं तर दुसऱ्याने ते सांभाळून पुढे नेणं.

हा शब्द ज्याला सुचला तो नुसता पुस्तकी पंडित नव्हता. तो वादकांच्या मधोमध बसलेला होता.

लेड झेपलिनचं मोठेपण मला याच गुणांत दिसतं. चार माणसं, आणि चौघांचे कान सतत एकमेकांकडे. त्यांच्या आवाजाच्या उंचीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं; त्यांच्या ऐकण्याबद्दल कमी.

बँड जमला १९६८ च्या ऑगस्टमध्ये, लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या एका लहानशा खोलीत. जिमी पेज आणि जॉन पॉल जोन्स हे लंडनच्या स्टुडिओंमध्ये मुरलेले भाडोत्री वादक. सकाळी जाहिरातीचं संगीत, दुपारी कुणा पॉप गायकाची साथ, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. आपल्याकडे सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाणारे वादक जसे कुठल्याही तालाला, कुठल्याही पट्टीला तयार असत, तसे हे दोघे. रॉबर्ट प्लांट आणि ड्रमर जॉन बोनम हे मात्र इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातले, कारखान्यांच्या भागातले, जेमतेम विशीतले. पहिला अल्बम छत्तीसेक तासांत ध्वनिमुद्रित झाला आणि १९६९ च्या जानेवारीत आला. त्यात विली डिक्सनची दोन ब्लूज गाणी आहेत, आणि त्याच अल्बमवर 'ब्लॅक माउंटन साइड' नावाच्या दोन मिनिटांच्या तुकड्यात विराम जसानी यांचा तबला आहे. पहिल्याच पावलाला तबला, हे मी गुरुजींना सांगितलं तेव्हा ते नुसते हसले.

ब्लूज म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला एका वाक्यात सांगता येईल: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मजुरांनी आपलं दुःख ज्या सुरांत बांधलं ते गाणं. साचा साधा, पण गाणाऱ्याला मोकळीक भरपूर. गंधार आणि निषाद पक्के जागेवर बसत नाहीत, कोमल आणि शुद्धच्या मध्ये कुठंतरी कण्हत राहतात. गिटारची तार बोटाने ओढून काढलेला सूर ऐकला की आपल्या कानाला मींड ओळखीची वाटते. शार्ङ्गदेवाने गमकाचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. पेजच्या बोटांत त्यांतले काही नक्की सापडतील.

त्यांच्या ब्लूजचा कळस म्हणजे १९७० च्या तिसऱ्या अल्बममधलं 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'. सात-साडेसात मिनिटांचं, सी मायनरमधलं संथ गाणं. रात्री, हेडफोन लावून, हे एकदा नीट ऐका. सुरुवातीला एक बारीक करकर ऐकू येते, दाराची बिजागरी वंगणाला आली असावी तशी. ती बोनमच्या बास ड्रमच्या पायपट्टीची करकर आहे. ठेका इतका हळू पडतोय की पायपट्टी उचलतानाचा आवाजही मायक्रोफोनने टिपला. तो पुसून टाकायची कुणाला गरज वाटली नाही, आणि मला आता ते गाणं करकरीशिवाय ऐकवणार नाही. त्याच गाण्यात जोन्स हातांनी हॅमंड ऑर्गन वाजवतो आणि पायाने, ऑर्गनच्या खालच्या पट्ट्यांवर, बेसचे सूर देतो. म्हणजे दोन माणसांचं काम एकटा. प्लांट एखादी ओळ ओढून ताणतो, तेव्हा ऑर्गन श्वास धरून थांबतो. तो खाली आला की गिटार त्याच्या शब्दाची शेपटी उचलते. मुख्य कोण? दर चार ओळींनी उत्तर बदलतं. आमच्याकडे गायकाच्या मागे हार्मोनियम सावलीसारखी जाते, ती शार्ङ्गदेवाची मुख्यानुवृत्ती, मुख्याच्या मागे जाणं. इथं सावली आणि माणूस जागा बदलत राहतात.

'ब्लॅक डॉग'मध्ये तर हे उघडच दिसतं. प्लांट एकटा गातो, सगळे गप्प. मग तिघे एकदम वेड्यावाकड्या चालीची ओळ वाजवतात. ती ओळ जोन्सने बांधलेली. कान देऊन ऐकलं तर मधल्या शांततेत बोनमच्या काड्यांचा हलका टकटक आवाज येतो. तो मोजतोय. गिटार आडव्या मात्रेवरून निघते, ड्रम सरळ चारात राहतो, आणि पडायचं तेव्हा सगळे बरोबर पडतात. 'द ओशन' या गाण्याचा तुकडा गुरुजींनी पंधरात मोजला, आठ अधिक सात, आणि म्हणाले, "पंचम सवारीचं घर." मी काही बोललो नाही, त्यांनी स्वतःच उठून जोडी काढली आणि त्या तुकड्यावर पाचेक मिनिटं वाजवत बसले.

या बँडच्या ठेक्याबद्दल लिहायचं तर वेरूळला जावं लागतं.

लेणं क्रमांक १०, विश्वकर्मा. आमच्याकडे त्याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण दगडाच्या छताला लाकडी वासे असावेत तशा फासळ्या कोरल्या आहेत. आत स्तूप, स्तुपासमोर बसलेले बुद्ध. मागच्या आठवड्यात मी सकाळी लवकर गेलो. गर्दी नव्हती. एकच टाळी वाजवली. टाळीचा आवाज आधी हाताजवळ झाला, मग छताच्या फासळ्यांना लागून वर गेला, आणि जाडजूड होऊन, उशिरा, मागून परत आला. हाताची टाळी लहान होती. परत आलेली टाळी त्या दालनाची होती.

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्यातला ड्रम असाच आहे. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातलं हेडली ग्रेंज नावाचं घर, १७९५ मध्ये गरिबांसाठी बांधलेलं. त्याच्या तीन मजली जिन्याच्या तळाशी बोनमचा ड्रमसंच मांडला आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी वरच्या मजल्यावरून दोन मायक्रोफोन खाली सोडले. एरवी प्रत्येक ढोलाच्या तोंडाशी एक मायक्रोफोन लावतात. इथं दोन मायक्रोफोन लांबून सगळं घर ऐकत होते. म्हणून १९७१ चा तो ठेका ढोलाचा वाटतच नाही, जिन्याचा वाटतो. पुढे हिप-हॉपवाल्यांनी तोच ठेका उचलून किती गाण्यांखाली घातला, त्याला गणती नाही.

गाणं मूळ १९२९ चं. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या कृष्णवर्णीय जोडप्याचं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुराबद्दल. बंधारा फुटू नये म्हणून त्या पुरात कृष्णवर्णीय मजुरांना छावण्यांत डांबून मातीच्या पोत्यांवर राबवलं गेलं. मराठवाड्याच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरातल्या बायका खडी फोडायला गेल्या होत्या. दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव आजी शेवटपर्यंत विसरली नाही. पाणी फार आलं काय आणि आलंच नाही काय, रस्त्याच्या कडेला बसून हात चालवावे लागतात ते त्याच माणसांना.

आणि म्हणून या बँडचा दोषही स्पष्ट लिहायला हवा. 'लेव्ही'वर त्यांनी मेम्फिस मिनीचं नाव दिलं, पण सगळीकडे ही रीत पाळली नाही. 'होल लॉटा लव्ह' या त्यांच्या फार गाजलेल्या गाण्यात विली डिक्सनचे शब्द होते आणि तबकडीवर त्याचं नाव नव्हतं. डिक्सनला १९८५ मध्ये दावा लावावा लागला, तडजोड १९८७ मध्ये झाली. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' मूळ जेक होम्सचं. त्याचं नाव तबकडीवर यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. आमच्याकडे गावातला साधा भजनी माणूससुद्धा अभंग गाताना शेवटची नाममुद्रा गाळत नाही. चाल स्वतःची लावेल, ताना घेईल, पण अभंग तुकोबांचा आहे हे सभेला ऐकू येतं. वादक म्हणून मी या चौघांना डोक्यावर घेतो. या बाबतीत ते आमच्या भजनी मंडळाहून लहान ठरले.

आता त्यांच्या पसाऱ्याकडे. ब्लूजमध्ये इतकी पकड असलेला बँड आयुष्यभर तेवढ्यावर जगू शकला असता. १९७० मध्ये पेज आणि प्लांट वेल्समधल्या ब्रॉन-यर-ऑर या डोंगरातल्या, वीज नसलेल्या झोपडीत जाऊन राहिले आणि तिसऱ्या अल्बमची दुसरी बाजू लाकडी गिटारवरच्या लोकगीतांच्या वळणाची झाली. चाहते बुचकळ्यात पडले. पुढच्याच वर्षी 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये पेजने मँडोलिन हाती घेतलं आणि प्लांटसोबत सँडी डेनी ही लोकगायिका गायली. जोन्सचं तर मोजायलाच नको: बेस, ऑर्गन, मँडोलिन, मेलोट्रॉन, क्लॅव्हिनेट, आणि 'स्टेअरवे टू हेवन'च्या सुरुवातीच्या बासऱ्याही त्याच्याच. शार्ङ्गदेवाला चार बासरीवाले लागले. इथं एकाच माणसाने थरावर थर चढवून ते काम केलं. 'डायर मेकर'मध्ये जमैकाचा रेगे, 'द क्रंज'मध्ये जेम्स ब्राऊनच्या धर्तीचा फंक, 'फूल इन द रेन'च्या मधोमध सांबा. सगळं सारखं जमलं असं मी म्हणणार नाही. रेगे मला ओढूनताणून वाटतो. पण जमलेलं पुन्हा पुन्हा विकत बसण्यापेक्षा न जमणाऱ्याच्या मागे जाणारे कलावंत मला जवळचे वाटतात.

रंगमंचावर ही मंडळी गाणं फुलवत नेत. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधलं 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' जवळपास २७ मिनिटं चालतं. पेज व्हायोलिनचा गज गिटारवर ओढतो, प्लांट आवाजाने त्याला उत्तर देतो, बोनम पेजच्या खांद्याकडे बघत ठेका बदलतो. कुणी चुकतं का? चुकतं. पेजची बोटं घाईत घसरतात, प्लांटचा आवाज काही रात्री बसलेला असतो. पण ओळ तुटत नाही. जोन्स खालून हात देतो. मिथस्त्रुटितनिर्वाह.

२५ सप्टेंबर १९८० ला बोनम गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी आपण पूर्वीसारखे पुढे जाऊ शकत नाही असं जाहीर केलं. दुसरा ड्रमर मिळाला नसता असं नाही. पुढे २००७ मध्ये लंडनला एका रात्रीसाठी ते एकत्र आले, तेव्हा ड्रमवर बोनमचा मुलगा जेसन होता.

मुंबईची गोष्ट मी शेवटी ठेवली आहे, कारण ती आपली आहे.

१९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. जोन्स आणि बोनम सोबत नव्हते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या क्लबमध्ये एका रात्री ते इथल्या वादकांना घेऊन वाजवले. सिद्धार्थ भाटिया यांच्या 'इंडिया सायकेडेलिक' या पुस्तकात त्या काळातल्या मुंबईच्या रॉक बँडांची हकिकत आहे. पण जास्त मोलाची ठरली ती स्टुडिओतली बैठक. ईएमआयच्या, म्हणजे आपण ज्याला एचएमव्ही म्हणतो त्या कंपनीच्या स्टुडिओत, मुंबईच्या वादकांसोबत त्यांनी आपलीच दोन गाणी पुन्हा बांधली, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. वृंद जमवून चालवला बासरीवादक विजय राघव राव यांनी. रविशंकरांचे शिष्य, फिल्म्स डिव्हिजनच्या कितीतरी माहितीपटांचे संगीतकार, मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'ला ज्यांचं संगीत आहे ते.

'फोर स्टिक्स' हे नाव पडलं कारण मूळ ध्वनिमुद्रणात बोनमने एकेका हातात दोन-दोन काड्या धरल्या होत्या. ठेका पाचाचा आणि सहाचा, आलटून पालटून. त्यालाही तो सहज साधला नव्हता. मुंबईत काड्या नव्हत्या, तबल्यावरचे हात होते. हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं तेव्हा त्याचं नाव 'फोर हँड्स' झालं. ते मी गुरुजींना ऐकवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हात तयार आहे. पण बघा, तबलजी मोजतोय. पाहुण्याचं गाणं, कागदावरचा हिशेब, घड्याळ चालू. अजून दोन दिवस मिळाले असते ना, तर त्याने मोजायचं सोडलं असतं, आणि मग मजा आली असती."

मला हे निदान अचूक वाटतं. लंडनच्या चौघांना एकमेकांचे कान ओळखायला वर्षं मिळाली होती. मुंबईच्या वादकांना काही तास मिळाले. तरी त्या काही तासांत जे उभं राहिलं ते ऐकण्यासारखं आहे. 'फ्रेंड्स'मध्ये तंतुवाद्यांची ओळ अशी रुंद पसरते की मूळ गाणं तिच्यापुढे सडपातळ वाटतं. तीन वर्षांनी 'कश्मीर' आलं. त्याची मुंबईशी सरळ नाळ मी जोडणार नाही. त्या गाण्याचे शब्द सुचले मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर. पण तंतुवाद्यांचा तो चढता घोळका ऐकला की मला प्रत्येक वेळी मुंबईचा तो स्टुडिओ आठवतो.

ही ध्वनिमुद्रणं त्रेचाळीस वर्षं चोरट्या फितींवर फिरली. २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत ती अधिकृतपणे आली. वादकांच्या जागी तिथं दोनच शब्द आहेत: बॉम्बे ऑर्केस्ट्रा. विली डिक्सनला निदान न्यायालय होतं.

मुंबईच्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदांत तेव्हा गोव्याचे, कोकणातले, देशावरचे किती वादक होते हे आपल्याला ठाऊक आहे. तुमच्या घरात कुणी आजोबा, काका, शेजारी १९७२ च्या सुमारास मुंबईत रेकॉर्डिंगला तबला, सारंगी, व्हायोलिन वाजवायला जात असतील, तर दिवाळीच्या फराळाला बसल्यावर त्यांना विचारा. ते नसतील तर ट्रंकेतल्या त्यांच्या डायऱ्या आणि पावत्या उघडून बघा. दोन लांब केसांच्या गोऱ्या पोरांसोबत वाजवलेल्या त्या दिवसाची एखादी ओळ सापडली, तर या अंकाच्या पत्त्यावर कळवा. पुढच्या दिवाळीत ती नावं छापू.